साप साप म्हणून भुई धोपटणाऱ्या आईबाबांसाठी

आपल्या मराठीचं एक बरं आहे. कुठल्याही प्राण्याची बदनामी करायची असेल तर म्हण तयार असते. त्यातही सरपटणारे प्राणी आणि बेडूक यांच्यावर आपला विशेष लोभ. मनात शंका आली की चुकचुकते ती पाल. पुढाऱ्याने पक्ष बदलला की तो सरडा, आणि वर सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणून त्या बिचाऱ्याची लायकीही आपण काढून ठेवलेली. जग न पाहिलेला माणूस म्हणजे डबक्यातला बेडूक. खोटं रडलात तर मगर, जेवून आडवे झालात तर अजगर.

या सगळ्यात खरं बोलणारी म्हण मला एकच सापडली. साप साप म्हणून भुई धोपटणे. कारण या म्हणीत साप नाहीच! आहे तो फक्त धोपटणारा माणूस आणि त्याच्या हातातली काठी. आणि म्हणीत सांगितलेलं नाही, पण बहुतेक वेळा असतंच, ते म्हणजे बाजूला उभं राहून हे सगळं बघणारं एक पोर.

आजचा लेख त्या पोराबद्दल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना विकांताला डोकं तापवून घ्यायचं नाही त्यांना इथूनच परत फिरता येईल. आपण शहरातले शिकलेसवरलेले आईबाप मुलांना साप, पाली, बेडूक यांच्याबाबतीत दोनच गोष्टी शिकवतो. एक तर "ईईई, लांब हो!" नाहीतर "घे घे, हातात घे, मी फोटो काढते." दोन्ही चूक आहेत. आणि दोन्ही एकाच आळसातून येतात. तिसरी गोष्ट म्हणजे चार हात लांब गप्प उभं राहून बघणं. ती शिकवायला वेळ लागतो, आणि नेमका तोच आपल्याला द्यायचा नसतो.

आधी "ईईई" पंथाकडे वळू.

या पंथाचं लाडकं वाक्य म्हणजे "भीती काय, उपजतच असते हो." असते का? अमेरिकेत सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांनी १९८० च्या दशकात माकडांवर प्रयोग केले. प्रयोगशाळेत वाढलेली, साप कधीच न पाहिलेली माकडं सापाला फारशी भीत नव्हती. पण दुसरं माकड सापाला बघून घाबरतंय हे त्यांना दाखवलं की तीही घाबरायला लागली, आणि ती भीती टिकली. पुढची गंमत अशी, की व्हिडिओ जोडून माकड फुलांना घाबरतंय असं दाखवलं, तेव्हा मात्र कोणी फुलांना घाबरायला शिकलं नाही. म्हणजे सापाची भीती पटकन शिकण्याची तयारी आत असते, पण शिकवणारा कोणीतरी लागतोच.

माणसाच्या पोरांचं काय? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या बाळांना साप आणि कोळ्यांची चित्रं दाखवली. मासे आणि फुलांच्या चित्रांपेक्षा ती बघताना त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या जास्त मोठ्या झाल्या. म्हणजे लक्ष वेधलं गेलं हे नक्की. पण व्हेनेसा लोब्यू आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात अगदी लहान मुलांसमोर खेळणी आणि बंद पेटीतले जिवंत प्राणी दोन्ही ठेवले, तर पोरं खेळणी सोडून प्राण्यांकडे जास्त गेली. त्या प्राण्यांत साप आणि कोळीही होते.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर "लक्ष" हे हार्डवेअरमध्ये येतं. "किळस" आणि "भीती" हे नंतर टाकलेलं सॉफ्टवेअर. आणि ॲडमिनचा पासवर्ड कोणाकडे असतो? तुमच्याकडे. पोरगं पालीकडे बघून आधी तुमच्या तोंडाकडे बघतं. तिथे जे दिसेल ते इन्स्टॉल होतं. :)

माझी मुलगी पाच वर्षांची आहे. आमच्या बैठकीच्या खोलीत रोज संध्याकाळी ट्यूबलाइटपाशी एक पाल येते आणि हिने तिचं नाव "ट्यूबताई" ठेवलंय. माझ्या आईला ते अजिबात आवडत नाही. जुन्या पंचांगात पल्लीपतनाचं कोष्टक असायचं, पाल अंगावर कुठे पडली तर काय फळ, ते तिला बरंचसं पाठ आहे. पण नात विचारते, "आजी, ती उलटी चालते तरी पडत का नाही गं?" आता याचं उत्तर पंचांगात नाही. उत्तर असं, की पालींच्या बोटांखाली अतिसूक्ष्म केस असतात. टोके जातीच्या पालीच्या एका पावलावर असे सुमारे पाच लाख. प्रत्येक केसाचं टोक पुन्हा शेकडो फाट्यांत विभागलेलं, आणि भिंतीच्या रेणूंशी होणाऱ्या अगदी क्षीण आकर्षणाची बेरीज होऊन पाल छताला चिकटते. डिंक नाही, व्हॅक्यूम नाही. हे शास्त्रज्ञांना नीट मोजता आलं ते २००० साली. पाच वर्षांच्या मुलीने विचारलेला प्रश्न इतका ताजा आहे राव, आणि आपण तिला काय सांगतो? "शी! घाण असते ती!"

आता यावर येणारा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो फालतू नाही. "ठीक आहे, पालीचं सोडा. पण साप? भीती असलेली बरी. पोरगं जिवंत तरी राहील."

आकडे बघू. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यात चौथ्या हिश्शाहून जास्त पंधरा वर्षांखालची मुलं. बहुतेक मृत्यू ग्रामीण भागात आणि घरीच, निम्मे पावसाळ्यात. हा प्रश्न इतका गंभीर आहे की जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत समावेश केला, आणि २०२४ मध्ये केंद्र सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. तेव्हा "साप काही करत नाही हो, तो आपला मित्र" असलं गुळमुळीत बोलणारा मी नाही. साप चावतो. चार प्रमुख विषारी साप, म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे, आपल्या महाराष्ट्रात चारही आहेत.

पण मंडळी, जरा विचार करा. सापाची भीती तर या देशात पिढ्यानपिढ्या मुबलक आहे. भीतीने माणसं वाचत असती तर आपला आकडा जगात सगळ्यात कमी असायला हवा होता!

माणसं वाचतात ती सवयींनी. अंधारात बॅटरी घेऊन चालणं. बूट झटकून घालणं. बिळात, लाकडांच्या ढिगात, दगडाखाली हात न घालणं. गावी गेल्यावर जमिनीवर न झोपणं, निदान मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपणं, कारण मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश कधीकधी जाणवतही नाही. आणि चावलंच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. मांत्रिकाकडे तर नाहीच. चावलेला भाग हलवायचा नाही, १०८ ला फोन, आणि अँटिव्हेनम असलेलं रुग्णालय गाठायचं. यातली एकही गोष्ट किंचाळण्याने शिकवली जात नाही. घाबरलेलं पोर काय करतं? पळतं, आणि पळताना कुठे पाय पडतोय ते बघत नाही. नाहीतर दगड उचलतं. शिवाय घाबरलेलं पोर घरी येऊन सांगत नाही, कारण "तिकडे गेलासच कशाला?" म्हणून वर ओरडा बसणार असतो.

लहान मुलासाठी नियम एकच पुरेसा आहे, आणि तो सगळ्या सापांना सारखा. थांब. मागे हो. मोठ्या माणसाला हाक मार. आणि मग लांबूनच बघ. या शेवटच्या पायरीवर माझा सगळा भर आहे. बघायला मिळणार हे माहीत असलेलं मूल थांबतं. मला पाहुण्यासारखं लांबून बघायचंय, असं ज्याच्या डोक्यात पक्कं बसलंय त्याला हात लावू नको हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता दुसरा पंथ. "घे घे, हातात घे" वाला. खरं सांगायचं तर मला पहिल्यापेक्षा याचाच राग जास्त येतो, कारण हा पंथ स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवतो.

एका निसर्ग शिबिरात मी हे स्वतः पाहिलंय. वीसेक मुलं रांगेत, आणि एक धामण एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. पालक मोबाइल वर करून उभे. धामण बिनविषारी, हे मान्य. शेवटी प्रत्येक मुलाला "निसर्गमित्र" असं छापलेलं प्रमाणपत्र. येताना गाडीत मागच्या सीटवरचा एक चार वर्षांचा मुलगा आईला सांगत होता, "आता आपल्या बागेत साप आला ना, की मी पकडणार!"

घ्या. हे शिकला तो. दोष त्याचा नाही. चार वर्षांच्या मुलाला शिबिरातला साप आणि बागेतला साप यातला फरक कसा कळावा? अहो, मोठ्यांना कळत नाही. कवड्या हा बिनविषारी साप आणि मण्यार हा जहाल विषारी, दोघंही काळपट अंगाचे आणि पांढऱ्या पट्ट्यांचे. कवड्याचे पट्टे मानेपाशी ठळक आणि शेपटीकडे पुसट, मण्यारचे साधारण उलटं. डुरक्या घोणस बिनविषारी, अंगावर घोणशीसारखेच डाग. हा फरक पुस्तकात फोटो शेजारी शेजारी ठेवून बघायला झकास वाटतो. रात्री साडेदहाला, पार्किंगमध्ये, हलणाऱ्या सापावर? "मी ओळखतो" म्हणणारे अनुभवी सर्पमित्रसुद्धा दंशाने गेलेत. सापाची ओळख शिकावी ती आनंदासाठी, हात लावायच्या परवान्यासाठी नव्हे.

शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालापासून आहे. रानातला साप पकडून त्याचे खेळ करणं हे पुंगीवाल्या गारुड्याने केलं की आपण नाकं मुरडतो. त्याने नागाचे दात काढलेले असतात, तोंड शिवलेलं असतं, आणि दूध साप पीत नाही हे आपण त्याला ऐकवतो. बरोबरच आहे. पण तोच खेळ टी-शर्टवर पान छापलेल्या माणसाने इंग्रजीत केला की त्याला आपण पैसे मोजून "एक्सपिरियन्स" म्हणतो. सापाच्या बाजूने दोन्हीकडे फरक शून्य. वीस गरम हात, आरडाओरडा, आणि पळायला जागा नाही.

बेडकांचं तर आणखी वेगळं. बेडूक कातडीतून श्वास घेतो, पाणीही कातडीतूनच शोषतो. तुमच्या पोराच्या हातावरचं सॅनिटायझर, डास पळवायचं मलम, सगळं त्याच्या अंगात. आणि उलट दिशेने, सरपटणारे प्राणी आणि उभयचर यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. अमेरिकेच्या सीडीसीचा स्पष्ट सल्ला आहे की पाच वर्षांखालच्या मुलांनी या प्राण्यांना हाताळू नये. म्हणजे ज्या वयाच्या मुलांसाठी ही शिबिरं भरतात, नेमकं तेच वय.

याच पंथाची घरगुती शाखा म्हणजे टाकीतलं कासव. वाढदिवसाला आणलेलं, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, कानापाशी लाल पट्टा असलेलं ते गोंडस पिल्लू मूळचं अमेरिकेचं. ते वीस-तीस वर्षं जगतं आणि ताटाएवढं होतं. मग एका रविवारी बाबा ते तळ्यात सोडून येतात आणि सांगतात, "त्याला त्याच्या घरी सोडलं." ते त्याचं घर नव्हतं, आणि तिथल्या मूळच्या कासवांच्या वाट्याला आता एक आडदांड पाहुणा आला. स्टार कासव आणलं असेल तर मामला याहून वाईट. ते आपल्याच रानातलं, पाळणं बेकायदा, आणि त्याची तस्करी इतकी की २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदी आणावी लागली.

मग करायचं काय? सोपं आहे, पण शिबिराला आउटसोर्स करता येत नाही.

घरापासून सुरुवात करा. पाल आहेच. ती शेपूट टाकून पळते तेव्हा शेपूट किती वेळ वळवळते ते घड्याळ लावून मोजा (मुद्दाम तोडायला लावू नका, योगायोगाने दिसलं तर). उन्हाळा संपत आला की बागेतला नर सरडा डोकं लाल करून कुंपणावर जोर काढतो. हो, तीच धाव जिथे संपते ते कुंपण! त्याचे जोर मुलांना मोजू द्या. पोरं सोबत जोर काढायला लागतात, व्यायामही होतो.

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पावसाळ्याआधीच्या महिन्यांत एक सरडा गळ्याखालचा पंखा उघडतो. निळा, काळा आणि केशरी. डोळ्यांवर विश्वास बसत नाही. संशोधकांनी २०१६ साली या गटाला नवीन प्रजाती-कुळाचं नाव दिलं, आणि ते नाव काय दिलं माहितीये? "सरडा". आपला मराठी शब्द, शास्त्रीय नाव म्हणून. ज्याला आपण शिवी म्हणून वापरतो तो शब्द आता जगभरच्या जीवशास्त्रज्ञांच्या तोंडी आहे. मुलांना हे सांगा, छाती फुगते त्यांची.

पावसाळ्यात पहिल्या सरींनंतर साचलेल्या पाण्यावर जा. मोठे बेडूक, एरवी मातकट हिरवे, त्यांचे नर हळदीसारखे पिवळेजर्द होतात आणि गालफडाशी दोन निळे फुगे फुगवून ओरडतात. आंबोलीला जमलं तर पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना लटकलेली फेसाची घरटी दाखवा. उडत्या बेडकाची ती. टॅडपोल मोठे झाले की थेंबासारखे खाली पाण्यात पडतात. तिथेच कातळावरच्या वीतभर पाण्यात अंडी घालणारा, २००९ साली जगाला नव्याने कळलेला आंबोलीचा खास बेडूकही आहे. पण तिथे रात्री गाडी दामटत जाऊ नका. रस्त्यावर बसलेले बेडूक चाकाखाली येतात, आणि बेडूक बघायला बेडूक चिरडत जाणं याला निसर्गप्रेम म्हणत नाहीत. चापडा साप फोटोसाठी "चांगल्या" फांदीवर ठेवणाऱ्या गाइडला पैसे देऊ नका. तुमचं मूल ते बघतंय.

आणि मुलाने प्रश्न विचारला, उत्तर येत नसेल तर "माहीत नाही रे, बघू या" म्हणा. ऑफिसात मीटिंगमध्ये हे वाक्य बोलायला आपण घाबरतो, निदान पोरासमोर बोलू.

शेवटचा मुद्दा, आणि तो सोसायटीच्या मीटिंगचा आहे. बघायला शिकवलं, पण बघायला काही शिल्लक राहिलं नाही तर? २०२३ च्या जागतिक पाहणीनुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत. १९८७ साली आपल्या देशाने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, चांगलं केलं. आता तंगड्या वाचल्या, डबकी गेली. आपण डबक्यातल्या बेडकाला हसतो आणि डबक्यावर पेव्हर ब्लॉक टाकतो. मोकळ्या मातीचा कोपरा दिसला की कमिटीला तो "अस्वच्छ" वाटतो. साप दिसला की ग्रुपवर तीनशे मेसेज येतात, पण साप उंदरांमागे आला, उंदीर कचऱ्यामागे आले, आणि कचरा आपण टाकला, यावर एकही नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये एवढंच मागा. एक कोपरा पेव्हर ब्लॉकशिवाय, औषध फवारणीशिवाय. कचऱ्याचे डबे झाकलेले. जिन्यात आणि पार्किंगमध्ये चालू दिवे. साप दिसला तर काठीवाला वॉचमन नाही, वनखात्याला फोन. मुलं खेळतात तो भाग मोकळा आणि स्वच्छ ठेवा, त्यात काही वाद नाही, पण सगळंच आवार मॉलच्या फरशीसारखं कशाला?

नागपंचमीला शेतकरी नांगर धरत नाही, जमीन खणत नाही. आजीने सांगितलेल्या गोष्टींत मला ही सगळ्यात शहाणी वाटते. त्या दिवशी सापासाठी करायचं ते इतकंच, की त्याच्या वाटेला जायचं नाही. ना मारायचं, ना मिरवायचं.

असो. भुई बरीच धोपटली मीही. आता काठी खाली ठेवा, तिच्याबरोबर मोबाइलही खाली ठेवा. पोराच्या उंचीला बसा आणि ते बोट दाखवतंय तिकडे बघा. वीस मिनिटं लागतील. तेवढ्यात एकही ईमेल येणार नाही, आज शनिवार आहे.